देवापुढं घ्यायचं राहिलेलं नाव

आमच्या बाबांची संध्याकाळची प्रार्थना म्हणजे एक प्रकरणच होतं. दिवा लागला की आम्ही सगळे चटईवर गुडघे टेकायचो आणि बाबा सुरू व्हायचे. आधी आई, मग मी, मग आत्या, मग आईचं माहेर, मग गावातली ख्रिस्ती घरं एकेक करून, मग शाळेतली पोरं, मग पाटील आणि पाटलाचा दुखरा गुडघा. हट्टा गावच्या बाजारात एक कापडवाला होता, त्यानं कधीतरी बाबांना पाऊस थांबेस्तोवर दुकानात बसू दिलं होतं. त्याचंही नाव रोज. आणि सगळ्यात शेवटी आत्याची तांबडी शेळी. तिला दूध राहावं, लांडग्यापासून तिची राखण व्हावी. मग आमेन. तोवर चुलीवरचं वरण आटून जायचं आणि माझ्या पायांना मुंग्या यायच्या.

आमेन झालं की आत्या उठता उठता रोज तेच बोलायची. "माझ्या शेळीचं नाव घेतो देवापुढं. आन् माझ्या मालकाचं घेत न्हाई."

बाबा टोपी झटकून खुंटीला लावायचे आणि जेवायला बसायचे. आत्या त्यांच्या पानात भाकरी वाढायची, तीही सगळ्यात गरम. भांडण होतं ते एवढंच, पण ते कित्येक वर्षं चाललं आणि माझं सगळं बालपण त्या एका वाक्याच्या सोबतीनं गेलं.

आत्या बाबांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले म्हणून बाबांना तिनंच वाढवलं, आणि तिचं लग्न झालं तेव्हा धाकट्या भावाला सोबत घेऊनच ती सासरी गेली. सासरच्यांनी नाकं मुरडली. तिच्या मालकानं मात्र पोराला खांद्यावर घेतलं आणि घरभर फिरवलं म्हणे. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, तर हे माझे मामा. पुढं बाबांना मिशनच्या शाळेत घालायला हिंगोलीला पायी घेऊन गेले तेही मामाच. बाबा तिथं शिकले, तिथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मास्तर होऊन वसमत तालुक्यातल्या आमच्या गावी आले. एका खोलीची शाळा, रविवारी तेच देऊळ. पाद्रीसाहेब हिंगोलीहून बैलगाडीनं येत, जमेल तेव्हा. एरवी उपासना बाबाच चालवत.

मामा काही ख्रिस्ती झाले नाहीत. विरोध होता असंही नाही. पाद्रीसाहेबांना ते जेवू घालायचे, आमच्या देवळाच्या भिंती लिंपायला शेजारच्या गावाहून येऊन सगळ्यांच्या आधी हजर असायचे. बाप्तिस्म्याचं विचारलं की हसून म्हणायचे, "पुढल्या खेपंला, सायेब. एवढी सुगी होऊ द्या." सुगी दरवर्षी येते. मामांची पुढली खेप काही आली नाही.

ते पेवं उघडायचं काम करायचे. आता पेव कोणाला ठाऊक? गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खोल खड्डा खणायचा, तोंड अरुंद, पोट रांजणासारखं. त्यात ज्वारी भरायची आणि वरून दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. महिनोन्‌महिने बंद राहिलं की आतली हवा मारकी होते. उघडल्यावर ते तसंच मोकळं ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. उतरल्यावर सुद्धा कायदे असत. वरच्या माणसानं खालच्याला नाव घेऊन हाक मारत राहायची आणि खालच्यानं ओ देत राहायची. ओ थांबली की दोर ओढायचा. आणि जो उतरला त्यानं तळ हातानं झाडून, शेवटचा दाणा वर पाठवूनच वर यायचं. मामांना या शेवटच्या कायद्याचा मोठा अभिमान होता. मागं काही सोडून वर आलेला माणूस त्यांच्या लेखी कामचुकार.

एका सुगीच्या आधी त्यांच्याच गावातलं पेव उघडलं. कंदील सोडायच्या आधीच एक तरणा गडी घाई करून उतरला आणि खाली कोसळला. हा मुसलमानाचा पोरगा, पुढं आमच्या गावी येऊन राहिला, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. मामा मागचापुढचा विचार न करता उतरले. दोर एकच होता. तो त्यांनी चाचाच्या काखेखालून बांधला आणि ओढा म्हणून ओरडले. चाचा वर आला. सगळे त्याला पाणी मारत, वारा घालत बसले, आणि दोर सुटेस्तोवर खालून ओ यायची थांबली होती.

आत्या तिथंच होती, टोपली घेऊन. पेवाच्या तोंडाशी ती एकटीच वाकून हाका मारत राहिली. पण हाक काय मारणार? नवऱ्याचं नाव आमच्याकडं बाईनं घ्यायचं नाही. ती "अहो, अहो" करत राहिली.

हे ती मला कितीदा तरी सांगायची, गोवऱ्या थापताना, शेंगा फोडताना. "अहो म्हटलेलं कोनाला कळतं, लेकी? गावात सगळेच अहो. त्यांना वाटलं असंल, दुसऱ्याच कोनाला बोलावून राहिली. नाव घेतलं असतं तर ओ दिली असती त्यांनी." मी तेव्हा लहान. मी म्हणायचे, आत्या, हवेनं बेशुद्ध झालेल्या माणसाला नावानं तरी काय ऐकू येणार? ती माझ्याकडं अशी बघायची, जशी मीच वेडी.

तर त्यानंतर आत्या आमच्याकडं राहायला आली. देवळात सगळ्यात मोठा आवाज तिचा. नाताळच्या करंज्या तिच्या, देवळाचं सारवण तिचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायची ती. बाप्तिस्मा तेवढा नाही. पाद्रीसाहेब गाडीतून उतरले की पहिला प्रश्न तिलाच करायचे. "काय बाई, तयारी झाली का?" आणि आत्या पदर सावरून म्हणायची, "न्हाई सायेब. अजून न्हाई."

बाबांचा जीव खाली-वर व्हायचा. कारण नरकावर बाबांचा पक्का विश्वास. काय सांगू तुम्हाला, आमचे बाबा म्हणजे विंचू निघाला तरी चिमट्यात धरून गावाबाहेर सोडून येणारा माणूस. आईला मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं नाही. आणि हाच माणूस रविवारी लोहाराच्या भट्टीचं असं वर्णन करायचा की पुढं बसलेली पोरं रडायला लागायची. ही भट्टी विझते, ती विझत नाही. इथं लोखंड तरी काही कामाचं होऊन बाहेर निघतं, तिथून कोणी बाहेर निघत नाही. मला तर लोहाराच्या दारावरून जायची भीती वाटायची, आणि तो बिचारा मला गूळ-शेंगदाणे द्यायचा.

असं प्रवचन झालं त्या एका रविवारी आत्यानं विचारलंच. भाकरी थापता थापता, मान वर न करता.

"मास्तर, माझा मालक हाय का त्या भट्टीत?"

ती चिडली की भावाला मास्तर म्हणायची. माया आली की लेकरा.

बाबांनी हातातला पेला खाली ठेवला. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं, हा त्यांचा मोठा दोष. म्हणाले, "अक्का, शास्त्र तसंच सांगतं."

"बरं," आत्या म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, भाजली, त्यांच्या पानात वाढली. मग म्हणाली, "तर मंग मला काहून वरी बोलावता? मी बी तिकडंच जाईन. त्यांना एकट्याला भाकरी गोड लागत न्हाई."

आई पदरात तोंड घालून रडायला लागली. बाबा न जेवताच उठले. आत्यानं त्यांचं पान झाकून ठेवलं आणि तिसऱ्या प्रहरी समोर बसून त्यांना खायला लावलं. "माझ्यावर रागव, भाकरीवर रागवू नगं."

म्हणजे बघा, कोणाचं काय अडलं होतं. आत्या बाप्तिस्म्याविना मेली तर बाबांच्या हिशेबानं ती त्या भट्टीत जाणार. जिनं त्यांना आईच्या मायेनं वाढवलं ती. आणि आत्या म्हणायची, एकदा, एकदाच तू देवापुढं त्यांचं नाव घे. माझ्या तोंडानं मला घेता येत नाही. तुझ्या तोंडानं घे, मग मी पाण्यासाठी डोकं वाकवते. कोणी नावच घेतलं नाही तर देवाला त्या माणसाची आठवण कोण करून देणार? तिला मनापासून वाटत होतं की पेवाच्या तोंडाशी जी चूक झाली तीच आता देवाच्या दाराशी होऊन राहिली आहे. आणि बाबा म्हणायचे, मेलेल्यासाठी प्रार्थना करायची आपल्यात रीत नाही. निकाल लागून गेला. आता मागणं म्हणजे देवाला शिकवणं.

एकदा मीच घेतलं नाव. मला सगळ्यांसाठी राग आला होता, आणि भूकही लागली होती. बाबा शेळीपाशी आले आणि मी मधेच मामांचं नाव मोठ्यानं म्हणून टाकलं. बाबा थांबले. मला वाटलं, आता पाठीत बसणार. तर ते नुसते उठले आणि बाहेर गेले. आमेन कोणी म्हटलंच नाही. मी घाबरून आत्याकडं बघितलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानात म्हणाली, "गुणाची माझी बाई. पर हे त्यालाच म्हनायला पायजे." रात्रभर मला वाटत राहिलं की आमेन न झालेली प्रार्थना घरातच अडकून पडली आहे.

मग आत्यानं दुसरीकडून वाट काढली. बाप्तिस्मा घ्यायचा तर मतांगीकार पाठ पाहिजे, म्हणजे आपण काय काय मानतो ते देवळात उभं राहून एका सुरात म्हणायचं. घ्यायचा नसला तरी तिचा तो पाठ होता, आमच्यापेक्षा चांगला. त्यात येतं की ख्रिस्त मेला, पुरला गेला, आणि अधोलोकात उतरला. एका रविवारी उपासना संपल्यावर तिनं बाबांना दारातच धरलं.

"हे खरं हाय का? तो खाली उतरला?"

"व्हय."

"मेलेल्यांच्यात?"

"व्हय, अक्का."

"कशाला?"

बाबा म्हणाले, त्याचे बरेच अर्थ आहेत.

"असतील," आत्या म्हणाली. "पर उतरलेला माणूस रिकामा वर येत न्हाई. तळ झाडल्याबिगर वर यायचंच न्हाई. तुझ्या दाजीला इचार."

दाजी वारलेले, विचारणार कुठं? पण बाबा हसले नाहीत. त्या आठवड्यात भूमिती शिकवताना फळ्याकडं तोंड करून नुसते उभे राहायचे. पाद्रीसाहेब आल्यावर बाबांनी गाडीचे बैल सोडायच्या आधीच त्यांना विचारलं, बाप्तिस्म्याविना मेलेल्यांचं काय? मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. पाद्रीसाहेब म्हातारे, दम लागायचा त्यांना. त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "मास्तर, सगळे तरतील असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आगीचं जे लिहिलंय ते मी खोडू शकत नाही. पण इतकी माणसं पुरली मी, हा नक्की बुडाला असं ज्याच्याबद्दल म्हणवेल असा एकही मला भेटला नाही. आशा धरायला बंदी नाही आपल्याला."

"आणि नाव घ्यायला?"

पाद्रीसाहेबांनी पाणी पिऊन तांब्या माझ्या हातात दिला. "तशी रीत नाही आपल्या मंडळीत," ते म्हणाले, आणि मान फिरवून बैलांकडं बघत बसले. बाबांची अडचण होती तिथंच राहिली.

याचा उलगडा झाला तो शेळीमुळं. हसू नका. खरंच शेळीमुळं.

पाटलांचं पेव आमच्या शाळेमागं होतं. ते उघडून ज्वारी काढून झाली होती, आणि गड्यांनी तोंडावर नुसती बाभळीची फांदी टाकून ठेवली होती. बाभळीचा पाला आणि आमची तांबडी! ती भवानी फांदीसकट आत गेली. खालून ती अशी ओरडायला लागली की अख्खी शाळा बाहेर. गावातले गडी झाडून सगळे शिवारात काढणीला. घरी उरलेले म्हणजे बाया, आम्ही लेकरं, बाबा आणि चाचा. चाचाची छाती मामा गेले त्या दिवसापासून कायमची अधू, पण तोच धावत आला दोर घेऊन.

"आपा, तुम हटो, मैं उतरता," तो आत्याला म्हणाला आणि दोर कमरेला बांधायला लागला.

बाबांनी त्याच्या हातातून दोर काढून घेतला. "तुम्ही एकदा गेलात तेवढं बास. वर थांबा. ओढायला तुमीच पायजेत."

बाबा त्या दिवसापर्यंत कधी पेवाच्या काठालासुद्धा गेले नव्हते. पेवाच्या बाजूची खिडकी ते उन्हाळ्यातही उघडत नसत. कंदील सोडला, नीट जळत राहिला. बाबांनी डोळे मिटून काठावरून पाय आत सोडले. चाचानं, आत्यानं आणि आईनं मिळून त्यांना खाली सोडलं.

आत्या पोटावर आडवी पडली आणि पेवात तोंड घालून तिनं हाक मारली. बाबांचं नाव, लहानपणचं, जे तिच्याशिवाय कोणी घेत नव्हतं.

"ओ," खालून आलं.

पुन्हा हाक. पुन्हा ओ. मग खाली झटापट, शेळीचं बोंबलणं, आणि बाबांचा आवाज, "ओढा!" शेळी वर आली, तंगड्या झाडत, दोराचा पार गुंता करून. गाठ सुटेना.  चाचा एकेक वेढा सोडवत तोंडानं "या अल्ला, या अल्ला" करत होता, आणि आम्हा सगळ्यांना कळलं होतं की हे सगळं पूर्वी एकदा झालेलं आहे. दोर वर, माणूस खाली.

आत्या हाक मारत होती. ओ. हाक. ओ. मग हाक, आणि काहीच नाही.

आत्यानं अशी किंकाळी फोडली की माझ्या अंगावर अजून काटा येतो. चाचानं गाठीला दात लावले. आत्या नाव घेत होती, पुन्हा घेत होती, तिचं डोकं पार आत गेलं होतं आणि मी तिचे पाय धरून ठेवले होते.

"ओ, अक्का," खालून आलं. अगदी हळू. "हाय मी. हाय."

बाबा वर आले तेव्हा अंगभर भुसा आणि गालांवरून ओघळ. आत्यानं आधी त्यांना एक सणसणीत चापट मारली आणि मग पोटाशी धरलं. "ओ काहून दिली न्हाईस रे, मुडद्या?"

"ऐकत राहिलो होतो," बाबा म्हणाले. दम घेऊन पुन्हा म्हणाले, "खाली हाक लई बरी वाटते, अक्का."

चाचा भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत होता. शेळी तेवढ्यात पेवातून सोबत आणलेला पाला खात होती. निर्लज्ज.

त्या संध्याकाळी दिवा लागला. आम्ही गुडघे टेकले. आई, मी, आत्या, ख्रिस्ती घरं, शाळा, पाटलाचा गुडघा, कापडवाला. चाचाची अधू छाती त्या दिवसापासून यादीत नव्यानं आली. मग शेळी. मी आमेनसाठी तोंड उघडलं, पण बाबांचं संपलं नव्हतं.  वरण आटल्याचा वास येत होता आणि कोणी उठलं नाही.

"आणि माझे दाजी," बाबा म्हणाले.

आत्याचे डोळे मिटलेलेच होते. "कोन्ते दाजी?" ती म्हणाली. "गावोगाव दाजी हायेत. नाव घे."

धाकट्या मेव्हण्यानं थोरल्या दाजींचं नाव घ्यायचं नसतं. बाबांनीही ते जन्मात कधी घेतलं नव्हतं. त्यांनी घेतलं. नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. मी ते इथं लिहीत नाही, ते ज्याला कळायचं त्याला तेव्हाच कळलं. पण हळू नाही घेतलं. गुडघ्यांवर ताठ होऊन, पेवाच्या तोंडाशी ओरडतात तसं घेतलं, शेजारच्या घरातून कोणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं इतक्या मोठ्यानं. मग थांबले, आणि पुन्हा एकदा घेतलं.

आमेन आत्यानं म्हटलं. सगळ्यांच्या आधी.

मग ती पदरानं तोंड पुसत उठली आणि शेळी बांधायला निघाली. दारापाशी गेल्यावर मागं न बघता म्हणाली, "लेकरा, पाद्रीसायबाला निरोप धाड. तयारी झाली म्हनावं."